सूक्ष्मनियंत्रकातील सदृश–अंकीय परिवर्तन

सलग बदलणाऱ्या विद्युत् दाबाचे संख्येत रूपांतर करण्याची सूक्ष्मनियंत्रकात (मायक्रोकंट्रोलरमध्ये) अंतर्भूत केलेली सोय. तापमान, ओलावा, वजन या राशी सलग असतात. संगणकाला मात्र अंकच कळतात. या दोहोंतील दुवा म्हणजे परिवर्तक होय.

लहान सूक्ष्मनियंत्रकांत बहुधा क्रमशः आसन्नीकरणाची पद्धत वापरतात. ती वाण्याच्या तराजूसारखी आहे : प्रथम मोठे वजन टाकावयाचे, पारडे खाली गेल्यास काढावयाचे, नाही तर ठेवावयाचे, मग त्याच्या निम्मे, पुन्हा निम्मे. अशा दहा तुलनांनी 10 बिटांचे म्हणजे 1,024 पायऱ्यांचे उत्तर मिळते.

बर्नार्ड गॉर्डन यांनी 1954 मध्ये बाजारात आणलेला या पद्धतीचा 11 बिटांचा परिवर्तक निर्वात नलिकांचा असून त्याचे वजन सु. 68 किग्रॅ. होते. इंटेलच्या 8022 या सूक्ष्मनियंत्रकात (1978) 8 बिटांचा परिवर्तक त्याच सिलिकॉन तुकड्यावर आला. 2022 मध्ये जाहीर झालेल्या सीएच 32 व्ही 003 या चिनी सूक्ष्मनियंत्रकात 10 बिटांचा परिवर्तक असून घाऊक किंमत दहा अमेरिकी सेंटांहूनही कमी होती.

परंतु स्वस्ताईने सर्व कामे भागत नाहीत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राहाता तालुक्यात याची दोन टोके दिसतात. तालुक्यातील लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप 1950 मध्ये सुरू झाले. उसाचा भाव टनावर असल्याने कोणत्याही कारखान्यात ऊस उत्पादकाचे बिल वजनकाट्यावर ठरते. 50 टनी काट्यावर 10 किग्रॅ.चा फरक दाखवावयाचा, तर किमान 5,000 पायऱ्या हव्यात. 1,024 पायऱ्यांत प्रत्येक पायरी सु. 49 किग्रॅ.ची होते. शिवाय भारमापी घटक (लोड सेल) पूर्ण भाराखालीही साधारणतः 20 मिलिव्होल्टच देतो, आणि 5 व्होल्ट संदर्भ दाबावरील 10 बिटांची एक पायरी सु. 4.9 मिलिव्होल्टची असते. वर्धकाशिवाय भरलेला ट्रक जेमतेम चार पायऱ्या चढेल ! म्हणून काट्यात वर्धक व 16 ते 24 बिटांचा स्वतंत्र परिवर्तक वापरतात. अर्थात बिटे मोजण्यापेक्षा वैधमापन यंत्रणेची मोहोर अखंड आहे की नाही हे पाहणे शेतकऱ्याच्या अधिक उपयोगाचे.

राहात्याच्या पेरूच्या बागांत याउलट स्थिती आहे. ठिबक सिंचनासाठी मातीचा ओलावा मोजताना एकाच झाडाच्या दोन बाजूंस वेगळे आकडे येतात. तेथे 10 बिटे पुरून उरतात. तेथील अडचण निराळीच असते. मापकाचा संदर्भ दाब बॅटरीचाच असेल आणि संवेदकाला स्वतंत्र स्थिर दाब दिला असेल, तर बॅटरी उतरताच आकडे सरकतात. रोधावर आधारलेला संवेदक व परिवर्तक या दोहोंना एकच दाब पुरविल्यास हा दोष बहुतांशी नाहीसा होतो.