विंडोज ११ मधील रायझेन प्रक्रियकांची मंदगती

विंडोज ११ या संचालन प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत ए.एम.डी. कंपनीच्या रायझेन प्रक्रियकांची कार्यगती घटत असल्याचे ऑक्टोबर २०२१ मध्ये उघड झाले. संगणकाचा एकही सुटा भाग न बदलता, केवळ प्रणाली बदलल्याने ही घट झाली होती.

पार्श्वभूमी

रायझेन प्रक्रियकात एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करणारे अनेक गाभे, म्हणजेच कोर असतात. कोणते काम कोणत्या गाभ्याकडे सोपवायचे, हे संचालन प्रणालीतील शेड्युलर हा घटक ठरवतो. सर्व गाभे एकाच घडणीचे असले तरी सारख्याच क्षमतेचे नसतात. निर्मितीतील सूक्ष्म फरकांमुळे काही गाभे अधिक वेगाने चालू शकतात. असे गाभे कोणते, याची माहिती सीपीपीसी२ या यंत्रणेद्वारे प्रणालीला मिळते. शिवाय गाभ्यांच्या प्रत्येक गटाला एल३ ही सामाईक कॅशे स्मृती असते. मुख्य स्मृतीपर्यंतचा हेलपाटा वाचावा, म्हणून वारंवार लागणारी माहिती तेथे साठवली जाते. त्यामुळे गाभ्यांची संख्या कितीही असली, तरी प्रणालीला त्यांची रचना नीट उमगली नाही तर ती संख्या बव्हंशी कागदावरच राहते.

दोषांचे स्वरूप

विंडोज ११ ची पहिली आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रसृत झाली. त्याच आठवड्यात ए.एम.डी.ने दोन दोष मान्य केले. पहिला, एल३ स्मृतीतून माहिती मिळण्यास लागणारा वेळ सुमारे तिपटीपर्यंत वाढू शकत होता. बाधित उपयोजनांची गती ३ ते ५ टक्के, तर स्पर्धात्मक संगणकीय खेळांमध्ये क्वचित १० ते १५ टक्के घटू शकेल, असा कंपनीचा अंदाज होता. दुसरा, काम सर्वांत वेगवान गाभ्याकडेच जाईल याची खात्री उरली नव्हती. एक-दोन गाभ्यांवर विसंबणाऱ्या उपयोजनांना याची झळ बसत असे. आठाहून अधिक गाभे असलेल्या आणि ६५ वॅटपेक्षा अधिक क्षमतेच्या प्रक्रियकांत ती अधिक जाणवण्याची शक्यता होती. म्हणजे ज्यांनी अधिक पैसे मोजले, त्यांनाच तोटा अधिक.

१२ ऑक्टोबरच्या मासिक अद्यतनाने सुधारणा होण्याऐवजी एल३ चा विलंब आणखी वाढल्याचे टेकपॉवरअप या संकेतस्थळाच्या मोजणीत दिसून आले.

निवारण

एल३ संबंधीचा दोष मायक्रोसॉफ्टने २१ ऑक्टोबरच्या केबी५००६७४६ या ऐच्छिक अद्यतनाद्वारे दूर केला. गाभ्यांच्या निवडीचा दोष ए.एम.डी.च्या चिपसेट ड्रायव्हरच्या नव्या आवृत्तीने दूर झाला. दोष दोन ठिकाणी असल्याने दोन्ही अद्यतने बसवणे आवश्यक होते.

तोवर विंडोज १० वरच राहण्याचा पर्याय ए.एम.डी.ने सुचवला होता. नवी प्रणाली बसवल्यावर जुन्या प्रणालीकडे सहज परतण्याची मुदत मात्र केवळ १० दिवसांची असते. पहिल्याच दिवशी बदल करणाऱ्यांची ही मुदत दुरुस्ती येण्यापूर्वीच संपली. त्यानंतर परत जायचे, तर विंडोज १० नव्याने स्थापित करावी लागे.