तपासणी दारापर्यंत कशी आली

आशाताई घरी येतात, तिशीपुढच्या बाईचा फॉर्म भरतात. स्तनात गाठ आहे का, आकार बदललाय का, स्तनाग्रातून रक्ताळ पाणी येतं का? आपण पदर सावरून "नाही" म्हणतो आणि चुलीकडे वळतो. या प्रश्नांमागची गोष्ट आज सांगणार आहोत.

ब्रिटनमध्ये १९८८ साली सरकारने देशभर ही तपासणी सुरू केली. तिथे प्रत्येकीचं नाव गावच्या डॉक्टरकडे नोंदलेलं असतं. त्या यादीवरून ५० ते ६४ वयाच्या बाईला दर तीन वर्षांनी घरी पत्र जायचं. पुढे वय ७० पर्यंत वाढवलं. तपासणी मॅमोग्राफीने, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेने. पण आम्हाला यंत्रापेक्षा ते पत्रच मोठं वाटतं. आठवण बाईने ठेवायची नाही, सरकारने ठेवायची!

आपल्याकडे गावोगाव एवढी यंत्रं कुठून आणणार? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये दुसरी वाट धरली. अभ्यासात झोपडपट्ट्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका होत्या. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, नुसत्या हाताने तपासणी झाली. तपासणाऱ्या कोण? डॉक्टर नव्हेत, दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य सेविका. वीस वर्षांचा हिशोब २०२१ मध्ये छापून आला. तपासलेल्या वस्त्यांत आजार लवकरच्या टप्प्यात सापडत होता. पन्नाशी गाठलेल्या बायकांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

हा निकाल यायच्या आधीच, २०१६ मध्ये, केंद्र सरकारने तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी ठरवून दिली होती. वय ३० ते ६५, स्तनांची तपासणी पाच वर्षांतून एकदा. आशाताईंनी यादी करायची, उपकेंद्रात नर्सताईंनी हाताने तपासायचं, शंका आली तर मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. तिथे सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, गरज पडल्यास गाठीचा तुकडा काढून तपासणी.

कागदावर साखळी पक्की आहे. प्रत्यक्षात ती फॉर्मपाशीच तुटते, कधी एसटीच्या भाड्यापाशी. फॉर्म भरला म्हणजे तपासणी झाली असं नाही, बायांनो. दुखत नाही म्हणून गाठ साधी, असंही नाही. आमच्या गटांत आता हप्त्याच्या वहीतच एक रकाना आखलाय: उपकेंद्रात कोण जाऊन आली, पुढे कुणाला पाठवलं, सोबत कोण गेलं.