मधुमेह आणि सहधर्म

अमरावतीस म्हणा की अकोल्यास म्हणा, एखाद्या घरातील तरुण सुनेला एकाएकी अतोनात तहान लागू लागते. पोटभर जेवूनही अंग वाळत जाते, रात्री वारंवार उठावे लागते. घरची मंडळी प्रथम वऱ्हाडच्या उन्हाळ्यास दोष देतात. पुढे रक्त तपासले म्हणजे डॉक्टर सांगतात की, हा पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे आणि यापुढे जन्मभर इन्सुलिन टोचून घेतले पाहिजे. अशा वेळी शेजारी बसलेल्या पतीचे कर्तव्य काय? या रोगाच्या इतिहासातच त्याचे उत्तर आहे, असे मला वाटते.

सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन भेद सांगितले आहेत. एक सहज, म्हणजे जन्मजात; दुसरा अपथ्यामुळे होणारा. पहिल्याचा रोगी कृश व तृषार्त, तर दुसऱ्याचा स्थूल व खादाड. आजच्या वर्गीकरणाशी हे तंतोतंत जुळते असे नव्हे. तथापि प्रत्येक मधुमेह्यास खाण्यावरून बोल लावू नये, एवढा बोध त्यातून खास घेता येतो. पहिल्या प्रकारात शरीराची संरक्षक शक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. "माहेरी गोड फार खाल्ले असेल," हे सासरचे बोलणे म्हणूनच निराधार होय, आणि निष्ठुरही.

पूर्वी या रोग्यांना अर्धपोटी ठेवून मरण थोडे लांबविणे, एवढाच उपाय वैद्यांच्या हाती होता. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरोंटो येथे लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास बँटिंग व बेस्ट यांनी काढलेला अर्क प्रथम टोचण्यात आला. तो पुरेसा शुद्ध नव्हता. कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून देताच मुलगा सुधारू लागला. मात्र रोज टोचावयाचे औषध जन्मभर इस्पितळात कोण देणार? सुई उकळणे, मात्रा मोजणे, जेवणाची वेळ सांभाळणे, ही सारी कामे घराकडे आली. घरच्या माणसांचा या उपचाराशी संबंध तेव्हापासूनचा आहे.

तो संबंध किती दूरवर जाऊ शकतो, हे शांघायमध्ये दिसून आले. युरोपातून आश्रयास आलेल्या व्हिक्टर व ईवा सॅक्सल या ज्यू दांपत्यापैकी ईवेस तेथे हा रोग जडला. डिसेंबर १९४१ मध्ये पॅसिफिक महासागरात युद्ध पेटले आणि जपानी अमलाखालील त्या शहरात इन्सुलिन दुर्मीळ झाले. व्हिक्टर हा कापडधंद्यातील अभियंता; वैद्यकाशी त्याचा संबंध नव्हता. परंतु पतिपत्नींनी एका वैद्यकग्रंथातील कृती वाचून, लहानशा प्रयोगशाळेत म्हशींच्या स्वादुपिंडांपासून तपकिरी रंगाचे इन्सुलिन तयार केले. सशांवर परीक्षा झाल्यावर माणसांपैकी पहिली सुई ईवेनेच टोचून घेतली. पुढे ते इतर रोग्यांनाही मिळाले. ईवा २००२ पर्यंत जगली. सावित्रीची कथा आपण दरवर्षी ऐकतो. येथे पतीने पत्नीसाठी यमाची वाट अडविली.

आज इन्सुलिन करावे लागत नाही. ते जपावे मात्र लागते. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर चढतो आणि अशा उष्म्यात औषधाचा गुण जातो. फ्रीज नसेल किंवा वीज बराच वेळ गेली असेल, तर आपले मातीचे मडके उपयोगी पडते. दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून आतल्या कोरड्या मडक्यात औषध ठेवावे. कोरड्या हवेत बाष्पीभवनाने ते बरेच थंड राहते; पावसाळ्यात हा गुण कमी होतो.

पतीने मात्रेचा हिशेब स्वतः शिकून घ्यावा. घाम, थरकाप, विनाकारण चिडचिड ही साखर उतरल्याची चिन्हे असू शकतात. तेव्हा वाद न घालता तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ डॉक्टरांस बोलवावे. आजारपण असो वा उपवास, इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये. जडीबुटीच्या भरवशावर तर मुळीच नव्हे.

परंतु पहारेकरीही होऊ नये. ताटातील प्रत्येक घासावर नजर ठेवली की पत्नी चोरून खाऊ लागते, आणि साखरेचा खरा आकडा लपवू लागते. सॅक्सल दांपत्याने ग्रंथ एकत्र वाचला, काम एकत्र केले. आपल्या घरीही आकड्यांची वही दोघांची असावी, आणि आकडा वाढलेला दिसला तर पहिला प्रश्न "काय खाल्लेस?" हा नसून "आज बरे वाटते ना?" हा असावा.