हौद्याची माती आणि दंडसंहिता

तालमीच्या हौद्यांतील तांबडी माती खणावी, चाळावी, तींत ताक, तेल, हळद मिसळावी, हा वस्तादांचा जुना दंडक. घट्ट मातीवर आपटलेल्या पोराचें हाड मोडूं शकतें, हें त्यांस ठाऊक होतें.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेनें हाच प्रश्न कायद्याच्या भाषेंत मांडिला. कलम ८७ मधील उदाहरण तलवारबाजीच्या खेळाचें आहे: राजीखुशीनें व कपटावांचून खेळतांना झालेली इजा गुन्हा नव्हे, पण संमति देणारा किमान १८ वर्षांचा हवा. तालमींतील पुष्कळ पोरें त्याहून लहान. त्यांच्या बाबतींत मुख्य आधार कलम ८० चा. तें अपघातास क्षमा करितें, मात्र योग्य खबरदारी घेतली असेल तरच.

२०२४ मध्यें अंमलांत आलेल्या भारतीय न्यायसंहितेनेंही हीं तत्त्वें राखिलीं. ती खबरदारी वस्तादास रोज पहाटे फावडें हातीं घेऊनच घ्यावी लागते.