पाच मित्र आणि एक होडी

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर; कोरियन भाषेचे एक अक्षरही मला येत नाही. तरीही युन सॉन-दो (१५८७–१६७१) हा कोरियन कवी मला फार जवळचा वाटतो. १६१६ साली दरबारातील एका बलाढ्य सरदाराविरुद्ध त्याने राजाला अर्ज लिहिला आणि हद्दपारी ओढवून घेतली. पुढेही ती त्याला चुकली नाही.

पाणी, खडक, पाइन, बांबू आणि चंद्र या पाच मित्रांवर त्याने गीते रचली. पाइन हिवाळ्यातही हिरवा, खडक अढळ. कन्फ्यूशियसच्या अनुयायाला निसर्ग असा शीलाचा धडा देतो. पण १६५१ साली बोगिल बेटावर त्याने कोळ्याची ४० गीते लिहिली, दर ऋतूला १०. तिथे धडा नाही; होडी, धुके आणि लाटा आहेत. वाऱ्यापाण्याशी भांडू नये, ही ताओपंथाची वृत्ती त्यांत जाणवते.

मग खरा युन कोणता? मला वाटते, दोन्ही. अर्ज लिहायला पाइनचा ताठा लागतो, वाचकहो. पण त्याची शिक्षा भोगून मन कडू होऊ द्यायचे नसेल, तर होडीच हवी.