धुराची व्हिस्की आणि मोहाचा गुन्हा

आजचा एपिसोड एका घोटापासून सुरू करू.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं मित्र बुलढाण्यात जमलो होतो. एकाने विमानतळावरून लफ्रॉयगची बाटली आणली होती. (परमिट काढलं होतं, कमेंटमध्ये विचारू नका. त्या परमिटचीही गोष्ट येतेच आहे.) खामगावच्या मित्राने ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाला, "बाप्पा, हे तं दवाखान्यावानी वास मारते!" दुसऱ्याने पाणी घालून घोट घेतला, जरा थांबला, म्हणाला, "हुरड्याची आगटी आठवते बे."

दोघांचंही नाक बरोबर होतं. स्कॉटलंडच्या आयला बेटावर झाडं कमी. मग जळण कशाचं? पीटचं. दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा आणि झुडपांचा हा थर. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. तो कापायचा, वाळवायचा आणि त्याच्या धुरावर मोड आलेली ओली बार्ली, म्हणजे आपला जव, सुकवायचा. धुरातले फिनॉल दाण्याला चिकटतात, आणि दवाखान्याचा तो वास त्यांचाच. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती तेव्हा लफ्रॉयग तिथे औषध म्हणून विकली जायची. वास घेतला की पटतं! आपल्या हुरड्यातही हेच होतं, फक्त पीटच्या जागी गोवऱ्या.

आता मुद्द्यावर येतो. ही व्हिस्की एके काळी सर्रास चोरून गाळली जायची. स्कॉटलंडच्या डोंगरदऱ्यांत शेतकऱ्यांच्या भट्ट्या लपलेल्या असायच्या आणि कर अधिकारी त्या शोधत फिरायचे. मग 1823 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला: दहा पौंडांत वर्षाचा परवाना, आणि कर निम्म्याहून कमी. (आपलं लोणार सरोवर अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवलं तेही 1823 मध्येच. योगायोग आहे, पण सन लक्षात राहतो.) पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने परवाना घेतला. शेजारचे चोरटे भट्टीवाले त्याच्यावर इतके चिडले, की तो कमरेला दोन पिस्तुलं लावून फिरायचा. आज त्याची डिस्टिलरी जगप्रसिद्ध आहे.

त्याच शतकात, त्याच साम्राज्याने इकडे काय केलं? 1878 चा मुंबई अबकारी कायदा आला. गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू मोठ्या मक्तेदारांच्या डिस्टिलऱ्यांत न्यायची, हे धोरण. 1892 मध्ये तर मोहफुलांवरच कायदा केला, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. दारूवर नाही, फुलांवर! जी फुलं आदिवासी वाळवून खायचे, गुरांना घालायचे, ती घरात ठेवणं गुन्हा झालं. आणि उरणच्या परवानाधारक डिस्टिलऱ्यांत दारू कशाची गाळली जायची? मोहफुलांचीच. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते.

वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतं. 1853 मध्ये ते निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं होतं. पण गाळायचा हक्क लिलावाने मक्तेदाराला, हा खाक्या इथेही होताच. जळगाव जामोद, संग्रामपूरच्या वर सातपुड्यात मोह आहे, तिथल्या कोरकू-भिलाला घरांत तो सणाला लागतो. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला, पुढे राज्य एक झाल्यावर तो आपल्याकडेही लागू झाला. त्यातही मोहफुलं नावानिशी आहेत. आणि आमच्या बाटलीचं ते परमिट? तेही याच कायद्याचं.

"पण गावठी पिऊन माणसं मरतात ना?" हो, मरतात. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली. पण ती मिथेनॉलने गेली, मोहाने नाही. उघडपणे, तपासणीखाली गाळायची सोय असेल तर काय होतं ते गोव्यात दिसतं. काजूच्या फेणीला 2009 मध्ये जीआय मिळाला, 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय म्हटलं.

महाराष्ट्राने 2021 मध्ये मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यावरची बंधनं सैल केली. म्हणजे फुलं आता घरात ठेवता येतात. ती गाळायचा दहा पौंडांचा परवाना मात्र सातपुड्यातल्या घरापर्यंत अजून आलेला नाही.