एका आवाजाच्या जागी

पाचगणी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे ती सहलींमुळे. टेबललँडवरचे घोडे, पसरणी घाटात खिडकीच्या जागेवरून एसटीत झालेली भांडणं आणि घाट संपेपर्यंत पोटात कालवणारे आपण! त्याच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५८ साली पाच मुलांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता. एल्विस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड यांची गाणी ही मुलं शाळेच्या समारंभांत वाजवत. मुख्य गायक होता दुसराच एक मुलगा. पियानोवर बसायचा तो फरोख बलसारा, झांझिबारमधल्या पारशी कुटुंबातून आठव्या वर्षी बोर्डिंगात आलेला. मित्र त्याला फ्रेडी म्हणू लागले आणि ते नाव त्याला कायमचं चिकटलं.

त्या पाच जणांपैकी डेरिक ब्रांच इंग्लंडात अभिनेता झाला. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुखही. आणि पियानो वाजवणारा मुलगा झाला फ्रेडी मर्क्युरी, 'क्वीन' या बँडचा गायक. पण मला लिहायचं आहे ते तो गेल्यानंतर त्याच्या मित्रांनी केलेल्या एका कार्यक्रमाबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६४ च्या क्रांतीत बलसारा कुटुंब झांझिबार सोडून लंडनजवळ फेल्टमला आलं. १९७० साली फ्रेडीने ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासोबत 'क्वीन' सुरू केला आणि पुढच्या वर्षी जॉन डीकन आला. मे खगोलभौतिकीचा संशोधक, टेलर दंतवैद्यकाचं शिक्षण अर्धवट सोडलेला, डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. मेने वडिलांच्या मदतीने आपली गिटार घरीच बनवली होती, तिला लाकूड होतं जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. डीकनने कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डापासून अॅम्प्लिफायर तयार केला होता. आपल्यातल्या इंजिनिअर मंडळींना हे चौघे आपलेच वाटतील.

फ्रेडीला एड्स असल्याचं निदान १९८७ मध्ये झालं. त्याने ते मोजक्याच लोकांना सांगितलं. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने निवेदन काढून आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय ४५. लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनांनी त्याला निरोप दिला गेला.

आता उरलेल्या तिघांनी काय करायचं? फेब्रुवारी १९९२ मध्ये एका पुरस्कार सोहळ्यात मे आणि टेलर यांनी जाहीर केलं की फ्रेडीसाठी मोठा कार्यक्रम करायचा. कोण कोण गाणार हे कळण्याआधीच ७२,००० तिकिटं काही तासांत संपली. २० एप्रिल १९९२, ईस्टरचा सोमवार, लंडनचं वेम्बली स्टेडियम. पूर्वार्धात मेटॅलिका, एक्स्ट्रीम, डेफ लेपर्ड, गन्स अँड रोझेस असे बँड वाजवून गेले. उत्तरार्धात ते तिघे उभे राहिले आणि मधली जागा रिकामी होती.

त्या जागेवर एकामागून एक गायक येत गेले. रॉजर डाल्ट्री, रॉबर्ट प्लँट, सील, लिसा स्टॅन्सफील्ड, अॅनी लेनॉक्स, डेव्हिड बोवी, एल्टन जॉन. नावं एकापेक्षा एक, तरी काहींना गाणं पेललं, काहींना नाही. एका माणसाची गाणी वाटून घ्यायला डझनभर नामांकित गळे लागले, यातच त्याच्या गळ्याचं मोजमाप होतं. शाळेच्या बँडमध्ये मागे पियानो वाजवणारा तो मुलगा!

सगळ्यात दाद मिळवली ती जॉर्ज मायकेलने, 'समबडी टू लव्ह' गाऊन. त्याच्या जोडीदारालाही एचआयव्हीची लागण झालेली होती, हे जगाला काही वर्षांनी त्याच्याच तोंडून कळलं. त्याचं ते गाणं पुन्हा ऐकताना हा संदर्भ मनातून जात नाही.

'बोहेमियन रॅप्सडी'च्या वेळी मात्र कुणाचाच इलाज नव्हता. त्यातला मधला ऑपेराचा भाग १९७५ साली आवाजांवर आवाज चढवत टेपवर रचलेला होता. तो रंगमंचावर गाणं क्वीनलाही शक्य नव्हतं. त्यांच्या कार्यक्रमांतही तेवढा भाग टेपवरच वाजे. वेम्बलीतही तसंच झालं. तंत्राची ती मर्यादा त्या दिवशी देणगी ठरली, कारण तेवढा वेळ फ्रेडीच स्टेडियमभर गात होता. शेवटी लायझा मिनेली आणि सगळे कलाकार एकत्र 'वी आर द चँपियन्स' गायले.

पण या कार्यक्रमाला इतिहासात जागा आहे ती केवळ गाण्यांमुळे नाही. तेव्हा एड्सने गेलेल्यांच्या घरी आजाराचं नावही घेत नसत. इथे एलिझाबेथ टेलरने हजारो तरुणांसमोर उभं राहून सुरक्षित संबंधांबद्दल सरळ शब्दांत सांगितलं आणि ते दूरचित्रवाणीवरून देशोदेशी गेलं. जमलेल्या पैशातून 'मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट' उभा राहिला. तो आजही जगभर एड्सविरोधी कामाला मदत करतो. आपल्याकडे पहिले एचआयव्हीबाधित १९८६ साली चेन्नईत आढळले आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली तीही १९९२ मध्येच. आपण तेव्हा शाळेत होतो. भिंतींवर लाल अक्षरांत 'एड्स' लिहिलेलं वाचायचो. पण त्याचा अर्थ घरात विचारायची सोय नव्हती.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या हजेरीपटावरचे काही नंबर आता 'हजर' म्हणणार नाहीत. संमेलनात आपण त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभे राहू, ते योग्यच आहे. पण त्या तीन मित्रांनी आणखी दोन गोष्टी केल्या: मित्र कशाने गेला ते उघड सांगितलं, आणि त्याच कारणावर काम करणारा निधी उभा केला. आपले मित्र कुणी कर्करोगाने गेले, कुणी अपघातात, कुणी मनाच्या आजाराने, ज्याचा उच्चार आपण अजूनही टाळतो. त्यांच्या घरच्यांची संमती असेल तर ही कारणं आपणही मोकळेपणाने बोलू या. आणि संमेलनाच्या खर्चातून जे उरेल, ते त्यांच्या नावाने शाळेत आरोग्य तपासणी आणि समुपदेशनासाठी द्यावं, अशी माझी सूचना आहे. पहिला हजार रुपयांचा वाटा मी खजिनदारांकडे पाठवला आहे.